बायोग्राफ गर्लचं नाव काय?

1906 साल सरत आलं होतं. न्यूयॉर्कमध्ये एडिसन कंपनीला एका चित्रपटासाठी तरुण मुलगी हवी होती. अभिनय जेमतेम असता तरी चाललं असतं, पण घोड्यावरची मांड पक्की हवी होती. सीमेवरची जंगलं तुडवणारा डॅनियल बून हा अमेरिकी वीर चित्रपटाचा नायक होता आणि त्याच्या मुलीला घोडा दौडवायचा होता. नाटक कंपनीत वाढलेली फ्लॉरेन्स लॉरेन्स तिथे गेली आणि घोडेस्वारीच्या बळावर काम मिळवून आली. सोबत असलेल्या आईलाही त्याच चित्रपटात भूमिका मिळाली. रोजी पाच डॉलर. हाडं गोठवणाऱ्या थंडीत, उघड्यावर, दोन आठवडे चित्रीकरण चाललं. 1907 मध्ये चित्रपट पडद्यावर आला तेव्हा त्यात मायलेकींपैकी कुणाचंही नाव नव्हतं. नायकाचं काम करणाऱ्याचंही नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

तीन वर्षांनी, मार्च 1910 मध्ये, याच मुलीच्या नावाची जाहिरात चित्रपट व्यवसायाच्या साप्ताहिकात झळकली आणि तिला नुसतं बघायला सेंट लुईस शहरात लोकांची झुंबड उडाली. अमेरिकी चित्रपटाचा इतिहास सांगणारे तिला ‘पहिली फिल्मस्टार’ म्हणतात. ही पदवी थोडी वादाची आहे, त्याकडे पुढे येऊच. पण नटनट्यांची नावं लपवून चालणारा धंदा नावं विकण्यावर कसा आला, हे कळून घ्यायला फ्लॉरेन्सच्या कारकिर्दीइतकं बोलकं उदाहरण सापडायचं नाही. त्या बदलाचा नफा कुणाच्या पदरात पडला आणि कुणाच्या नाही, तेही तिच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

तिचा जन्म 2 जानेवारी 1886 चा, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन गावचा. पाळण्यातलं नाव फ्लॉरेन्स ॲनी ब्रिजवुड. वडील जॉर्ज ब्रिजवुड घोडागाड्या बांधायचे. आई शार्लट रंगभूमीवर लोटा लॉरेन्स या नावाने वावरायची. लॉरेन्स ड्रॅमॅटिक कंपनी ही फिरती मंडळी तीच चालवायची आणि नायिकाही तीच असायची. मुलीने पुढे वडिलांचं आडनाव सोडून आईचं हे रंगमंचावरचं आडनाव घेतलं. ‘बेबी फ्लॉरेन्स’ अगदी लहानपणापासून रंगमंचावर उभी राहू लागली. गाणारी-नाचणारी पोरं सगळ्याच कंपन्यांत असत. हिची जाहिरात व्हायची ती शीळ घालणारी अजब पोर म्हणून. 1898 मध्ये कोळशाच्या वायूने गुदमरून वडील गेले आणि कुटुंब अमेरिकेतल्या बफेलो शहरात आलं. तिथे शाळा शिकताना फ्लॉरेन्स घोड्यावर बसायला आणि बर्फावर स्केटिंग करायला शिकली. चित्रपटात तिच्या कामी पडली ती हीच विद्या.

तेव्हाचा चित्रपट म्हणजे काय चीज होती, ते आधी पाहायला हवं. 1905 मध्ये पिट्सबर्गला पहिलं गाजलेलं ‘निकेलोडियन’ उघडलं आणि दोन-तीन वर्षांत देशभर अशी हजारो ठिकाणं झाली. रस्त्याकडेचं एखादं दुकान रिकामं करायचं, बाकं-खुर्च्या मांडायच्या, एका टोकाला पांढरा पडदा लावायचा. तिकीट एक निकेल, म्हणजे पाच सेंट. चित्रपट एका रिळाचा, सुमारे हजार फुटांचा, फार तर पंधरा मिनिटांत संपणारा. खेळ सारखा बदलावा लागे, त्यामुळे नव्या रिळांची भूक कधी भागत नसे.

ही रिळं विकली जात फुटावर. दुकानदार वारावर कापड मोजून देतो तसा हा व्यवहार होता; रिळात कोण आहे यावर भाव ठरत नसे. मग नटीचं नाव छापून निर्मात्याला मिळणार काय? उलट नाव झालं की ती पगार वाढवून मागणार, ही भीती. नटांनाही नाव नको असे. रंगभूमीवर काम मिळेना म्हणून पोटासाठी ‘हलत्या चित्रांत’ उभं राहावं लागतंय, हे चारचौघांत कळलेलं त्यांना रुचत नसे. नाव चालायचं ते कंपनीचं. बायोग्राफच्या जुन्या चित्रपटांत घराच्या भिंतीवर किंवा एखाद्या कोपऱ्यात ‘एबी’ ही अक्षरं दिसतात. कुणी रीळ चोरून त्याच्या प्रती काढू नयेत म्हणून कंपनीने आपली खूण नेपथ्यातच ठोकून ठेवलेली असे. भिंतीला खूण होती, पण भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाला नाव नव्हतं.

एडिसननंतर फ्लॉरेन्स ब्रुकलिनच्या व्हिटाग्राफ कंपनीत गेली. मध्येच पुन्हा एका नाटकाच्या दौऱ्यावर निघाली. पण आज या गावी, उद्या त्या गावी, हॉटेलातल्या खोल्या आणि रात्रीच्या रेल्वेगाड्या यांचा तिला वीट आला. पुन्हा फिरतीचं जिणं नको, असं ठरवून ती व्हिटाग्राफकडे परतली. पगार आठवड्याला वीस डॉलर. त्यात अभिनय तर होताच, शिवाय फावल्या वेळात पोशाखही शिवावे लागत. नट असो की नटी, स्टुडिओत पडेल ते काम करायचं, हा रिवाज होता.

1908 च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनच्या चौदाव्या रस्त्यावरच्या बायोग्राफ कंपनीत डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ नावाचा नवा दिग्दर्शक कामाला लागला होता. नाटककार म्हणून जमलं नाही, नट म्हणूनही फारसं नाही, म्हणून तो इकडे वळलेला. त्याला घोडा दौडवणारी देखणी मुलगी हवी होती. हॅरी सॉल्टर या बायोग्राफच्या नटाने व्हिटाग्राफमधल्या फ्लॉरेन्सला गाठलं. बायोग्राफने पंचवीस डॉलर देऊ केले आणि शिवणकाम नाही, नुसता अभिनय. ती लगेच आली. ‘द गर्ल अँड द आउटलॉ’ हे तिचं तिथलं पहिलं महत्त्वाचं काम. त्याच वर्षी तिने सॉल्टरशी लग्नही केलं.

बायोग्राफचा स्टुडिओ म्हणजे तपकिरी दगडाची एक जुनी हवेली. जिथे कधीकाळी नाचाच्या मैफली रंगत, त्या दालनात पाऱ्याच्या वाफेचे दिवे टांगून नेपथ्य उभं केलं जाई. त्या निळसर-हिरव्या उजेडात जिवंत माणसाचा चेहराही प्रेतासारखा दिसे. कॅमेऱ्यामागे बिली बिट्झर. आठवड्याला सरासरी दोन चित्रपट पुरे व्हायचे. 1908 मध्ये ग्रिफिथने जे साठेक चित्रपट केले, त्यांतल्या बहुतेकांत फ्लॉरेन्स आहे. कधी शेक्सपिअरच्या नाटकावर बेतलेल्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मधली तोंडाळ कॅथरिन, कधी ‘द साँग ऑफ द शर्ट’मधली उपाशीपोटी शिवण करणारी बाई, कधी ‘रोमान्स ऑफ अ ज्यूएस’मधली बापाच्या मनाविरुद्ध लग्न करणारी ज्यू मुलगी. पुढच्या वर्षी टॉलस्टॉयच्या ‘रेझरेक्शन’मधली कात्युशाही तिनेच केली. टॉलस्टॉयची जाडजूड कादंबरी एका रिळात बसवली होती!

तिचं काम पाहायचं तर ‘बिट्रेड बाय अ हँडप्रिंट’ पाहावा. श्रीमंत यजमानीणबाईंकडे पत्त्यांची मैफल आहे. फ्लॉरेन्स त्यात पैसे हरते आणि कर्जात बुडते. रात्री आपल्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पडते, भिंतीच्या अरुंद कडेवरून पाठ टेकून एकेक पाऊल सरकत यजमानीणबाईंच्या खोलीत शिरते आणि त्यांचा हिऱ्यांचा हार उचलते. परत येऊन साबणाची वडी कापते, हार आत दडवते, वडी पुन्हा जुळवते. पण हार उचलताना तिच्या तळव्याचा ठसा मागे राहिलेला असतो. कॅमेरा एका जागी रोवलेला, माणूस डोक्यापासून पायांपर्यंत चौकटीत, चेहरा जवळून दाखवण्याची चाल अजून रुळलेली नाही, संवाद ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. अशा वेळी भीती, हाव, पश्चात्ताप सगळं खांद्यांतून, हातांतून, चालीतून पोचवायचं. रंगभूमीवरचे पुष्कळ नट तेव्हा पडद्यावर हातवारे करत सुटायचे. फ्लॉरेन्सचं अंग मोकळं होतं आणि घाई नव्हती. दुकानातल्या बाकावर बसलेल्याला तिच्या मनात काय चाललंय ते कळायचं.

याहून लोकप्रिय झाली ती जोन्स नवरा-बायकोची विनोदी मालिका. मिस्टर जोन्सच्या भूमिकेत जाडगेला जॉन कंपसन आणि मिसेस जोन्स फ्लॉरेन्स. संशय, रुसवे, पार्टीत झालेली फजिती असा घरगुती मामला. तेच जोडपं पुन्हा पुन्हा दिसू लागल्यावर प्रेक्षकांना ते ओळखीचं वाटू लागलं. चेहरा लक्षात राहिला की पुढचा प्रश्न आपसूक येतो, आणि तो आलाच. ही कोण? बायोग्राफकडे तशी पत्रं येऊ लागली. कंपनी ढिम्म. मग लोकांनीच तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणायला सुरुवात केली आणि थिएटरवालेही तसंच म्हणू लागले. कंपनीला यात वावगं काहीच वाटलं नाही, कारण मुलगी कुणीही असली तरी त्या दोन शब्दांत नाव बायोग्राफचंच होतं.

पत्रांचा ढीग फ्लॉरेन्सलाही दिसत होता. तिने पगार वाढवून मागितला आणि तो दुप्पट, म्हणजे पन्नास डॉलर झाला. आपली किंमत याहून जास्त आहे असं वाटून 1909 मध्ये तिने आणि सॉल्टरने एसेने कंपनीला पत्र लिहिलं : आम्ही यायला तयार आहोत, बोला. एसेनेने उत्तर पाठवण्याऐवजी ही गोष्ट बायोग्राफच्या कानावर घातली. दोघांनाही नारळ मिळाला.

एसेनेने असं का केलं, याचं उत्तर 1908 च्या डिसेंबरात झालेल्या एका करारात आहे. एडिसन, बायोग्राफ, व्हिटाग्राफ, एसेने, सेलिग, लुबिन, कॅलेम, पाथे अशा बड्या कंपन्यांनी कॅमेऱ्याची आणि प्रोजेक्टरची पेटंटं एकत्र आणून मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी स्थापन केली होती. चित्रपट काढायचा तर त्यांचा परवाना, दाखवायचा तर थिएटरमागे आठवड्याला दोन डॉलर. कोडॅकचा मालक ईस्टमन याच्याशीही त्यांचं साटंलोटं होतं, त्यामुळे कच्ची फिल्मही त्यांच्याच मुठीत. या कंपूत एकाचा माणूस दुसऱ्याने पळवण्यात कुणाचाच फायदा नव्हता. नटांचे पगार खाली राहण्यातच सगळ्यांचं हित होतं.

या कंपूशी भांडण काढणाऱ्यांत एक होता कार्ल लेमली. जर्मनीतल्या लाउपहाइम गावातून सतराव्या वर्षी अमेरिकेला आलेला, विस्कॉन्सिनमध्ये कपड्यांचं दुकान सांभाळलेला, 1906 मध्ये शिकागोत निकेलोडियन काढून या धंद्यात शिरलेला गृहस्थ. परवान्याचे पैसे द्यायला त्याने साफ नकार दिला आणि 1909 मध्ये इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स, म्हणजे ‘इम्प’ ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली. कंपूने त्याच्यावर 289 दावे ठोकले, पण तो हटला नाही. मात्र कोर्टात टिकणं वेगळं आणि थिएटरात टिकणं वेगळं. इम्पची रिळं बायोग्राफइतकी सफाईदार नव्हती. थिएटरवाल्याने ती का घ्यावीत? लेमलीकडे दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी बायोग्राफ गर्ल मोकळी झाली होती. त्याने तिला आणि सॉल्टरला, दोघांनाही घेतलं. 1909 च्या डिसेंबरातच इम्पच्या जाहिरातीत तिचा फोटो दिसू लागला.

आता सेंट लुईसचं प्रकरण. 12 मार्च 1910 च्या ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’मध्ये इम्पने जाहिरात दिली. मिस लॉरेन्स ट्रामखाली सापडून मेल्या अशी थाप आमच्या शत्रूंनी सेंट लुईसमध्ये उठवली आहे, ती आम्ही ठेचून काढत आहोत, असा तिचा सूर. मिस लॉरेन्स ठणठणीत आहेत, त्यांना साधा अपघातही झालेला नाही, आणि त्यांचे नवे चित्रपट अमुक-अमुक तारखेला येत आहेत! थापेचं खंडन आणि मालाची जाहिरात एकाच चौकटीत उरकली होती. घाईत पुढच्या चित्रपटाचं नावही चुकलं. ‘द ब्रोकन ओथ’ऐवजी ‘द ब्रोकन बाथ’ छापलं गेलं, म्हणजे मोडलेल्या शपथेचा मोडका हौद झाला.

मार्चच्या अखेरीस फ्लॉरेन्सला तिचा नायक किंग बॅगट याच्यासह सेंट लुईसला नेऊन लोकांपुढे उभं केलं. स्टेशनवर गर्दी उसळली. लोकांनी तिच्या कोटाची बटणं आठवण म्हणून ओढून काढली, असं सांगतात. ही थाप शत्रूंनी नव्हे, लेमलीने स्वतःच उठवली होती असंच आज मानलं जातं. चित्रपटाच्या प्रसिद्धीतली पहिली बनावट बातमी म्हणून ती सांगितली जाते.

पण गोष्ट जितकी रंगवून सांगतात तितकी सरळ नाही. मृत्यूच्या बातमीने अख्खा देश हळहळला, असं पुढे लिहिलं गेलं. जाहिरातीत मात्र उल्लेख एकट्या सेंट लुईसचा आहे. नावं जाहीर करण्याचा मानही एकट्या लेमलीचा नाही. जानेवारी 1910 मध्येच कॅलेम कंपनीने आपल्या नटमंडळींचा नावांसकट फोटो प्रसिद्ध केला होता. व्हिटाग्राफने त्याच वसंतात आपल्या ‘व्हिटाग्राफ गर्ल’ला, फ्लॉरेन्स टर्नरला, प्रेक्षकांपुढे आणलं. फ्रान्समध्ये पाथेचा विनोदी नट माक्स लिंदर याचं नावही तोवर लोकांच्या तोंडी झालं होतं. बांध सगळीकडूनच फुटत होता. लेमलीने ओळखलं ते इतकंच की रीळ फुटावर विकलं जात असलं, तरी थिएटरबाहेरच्या फलकावर ओळखीचं नाव असलं की रांग लांबते. कंपूतल्या कंपन्यांना जम बसलेला धंदा सांभाळायचा होता, तर याच्याकडे गमावण्यासारखं थोडं होतं.

पुढे सगळं भराभर घडलं. 1911 मध्ये चित्रपटांच्या कथा आणि नटांचे फोटो छापणारी मासिकं अमेरिकेत निघाली. पोस्टरवर, पोस्टकार्डावर चेहरे आले. कंपूविरुद्धचा निकाल 1915 मध्ये लागला, पण तोवर कंपू खिळखिळा झालाच होता. बायोग्राफने मात्र आणखी काही वर्षं नावं न सांगण्याचा हट्ट धरला.

या नव्या बाजारात फ्लॉरेन्सची जागा घ्यायला मुलगी तयारच होती. 1909 च्या जूनमध्ये आलेल्या ‘हर फर्स्ट बिस्किट्स’ या जोन्स मालिकेतल्या चित्रपटात एका छोट्या भूमिकेत सतरा वर्षांची एक मुलगी आहे. तीही कॅनडाचीच, तीही आईबरोबर नाटक कंपन्यांतून फिरलेली. मेरी पिकफर्ड. फ्लॉरेन्स बायोग्राफमधून गेल्यावर लोक पिकफर्डला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणू लागले. 1910 च्या अखेरीस फ्लॉरेन्स इम्प सोडून गेली, तेव्हा लेमलीने तिथेही पिकफर्डलाच आणलं, आठवड्याला 175 डॉलर देऊन. 1916 मध्ये पिकफर्डच्या करारातला आकडा होता आठवड्याला 10,000 डॉलर. 1919 मध्ये चॅप्लिन, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्यासोबत ती युनायटेड आर्टिस्ट्सची भागीदार झाली. सुरुवात एकाच जागी, वयातलं अंतर सहा वर्षांचं. पण फ्लॉरेन्सच्या वेळी बाजार उभा राहत होता आणि पिकफर्ड भरात आली तेव्हा तो भरला होता. शिवाय पिकफर्डकडे व्यवहाराला पक्की आई होती आणि स्वतःचीही हिशेबाची नजर होती.

फ्लॉरेन्सनेही प्रयत्न केला नाही असं नाही. फिलाडेल्फियाच्या लुबिन कंपनीत आर्थर जॉन्सनबरोबर तिने 48 चित्रपट केले. मग 1912 मध्ये लेमलीच्याच पाठिंब्याने तिने आणि सॉल्टरने ‘व्हिक्टर’ ही स्वतःची कंपनी काढली, न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथे. हॉलिवुड रुजण्याआधी अमेरिकी चित्रपटाचं गाव म्हणजे हे फोर्ट ली. नायिका म्हणून तिला आठवड्याला 500 डॉलर आणि दिग्दर्शक म्हणून नवऱ्याला 200. स्वतःच्या नावावर चित्रसंस्था उभी करणाऱ्या अगदी पहिल्या अमेरिकी अभिनेत्रींत तिची गणना होते. जवळच रिव्हर व्हेलला 50 एकरांचं शेत घेऊन तिने गुलाब लावले. घरात मात्र धुसफुस होती. सासूवरून खटके उडत. एकदा नवरा रागावून युरोपला निघून गेला, तिथून दीनवाणी पत्रं पाठवत राहिला आणि पुन्हा परत आला. वर्षभरात व्हिक्टर कंपनी लेमलीच्या नव्या युनिव्हर्सल कंपनीत विरघळून गेली.

1914 मध्ये ‘पॉन्स ऑफ डेस्टिनी’च्या चित्रीकरणात आगीचा प्रसंग होता. मुद्दाम लावलेली आग आवरेना. फ्लॉरेन्स भाजली, केस होरपळले, ती पडली आणि पाठीला जबर दुखापत झाली. तरी तिने चित्रपट पुरा केला आणि मग कोसळली. उपचारांचा खर्च द्यायला युनिव्हर्सलने नकार दिला. तिच्या नावावर रांगा लावणाऱ्या कंपनीच्या हिशेबात जखमी नटीसाठी रकाना नव्हता. मोठ्या नट्यांच्या करारात पुढे वकील आले, विमे आले, अटी आल्या. तिच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. लग्नालाही या प्रकरणाने कायमचा तडा गेला. 1916 मध्ये ‘इल्युसिव्ह इझाबेल’ हा मोठा चित्रपट तिने केला आणि त्यानंतर कित्येक महिने अंथरुणाला खिळली.

ही दोन-चार वर्षं नेमकी सगळं उलटंपालटं होण्याची होती. एका रिळाचे चित्रपट मागे पडून पाच-सहा रिळांचे आले. स्टुडिओ फोर्ट ली सोडून कॅलिफोर्नियाच्या उन्हात गेले. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ आला आणि अभिनयाची रीतच बदलली. फ्लॉरेन्स तिशीचीच होती, पण ‘फोटोप्ले’ मासिकाने 1914-15 मध्ये तिच्या आठवणी लेखमालेतून छापल्या तेव्हाच ती जुन्या जमान्याची झाल्यासारखी वाटत होती.

पडद्याबाहेर तिला एक मोठं वेड होतं. मोटार. बायकांनी मोटार चालवणं नवलाचं होतं त्या काळात ती स्वतः गाडी चालवायची आणि यंत्रात काय बिघडलंय ते स्वतःच बघायची. तेव्हा वळायचं असलं की चालकाने हात बाहेर काढायचा, एवढाच इशारा. 1914 च्या सुमारास तिने गाडीच्या मागच्या बाजूला बसवायचा हात तयार केला. बटण दाबलं की तो वर-खाली होऊन कोणीकडे वळणार ते मागच्याला दाखवी. ब्रेक दाबल्यावर ‘थांबा’ अशी पाटी वर येण्याचीही सोय तिने केली होती. तिने पेटंट मात्र घेतलं नाही. आईने घेतलं, पण वेगळ्या शोधाचं. शार्लट ब्रिजवुड यांना 1917 मध्ये विजेवर आपोआप चालणाऱ्या, रुळांनी काच पुसणाऱ्या वायपरचं पेटंट मिळालं. ते बाजारात चाललं नाही आणि मुदत संपली. वळण्याचे विजेचे दिवे कारखान्यातूनच लावून येणारी ब्युइकची गाडी आली ती 1939 च्या मॉडेलात.

1920 मध्ये सॉल्टर वारला. 1922 मध्ये ‘द अनफोल्डमेंट’मधून तिने पुन्हा पाय रोवून पाहिला, पण ते जमलं नाही. चार्ल्स वुड्रिंग या मोटारविक्रेत्याशी दुसरं लग्न झालं. दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये नटांना लागणाऱ्या रंगभूषेच्या सामानाचं दुकान काढलं. 1929 मध्ये आई गेली, त्याच वर्षी शेअर बाजार गडगडला, पुढे दुकानही गेलं आणि संसारही. तिसरा नवरा मारहाण करणारा निघाला. ते लग्न काही महिन्यांतच मोडलं.

1936 मध्ये एमजीएम स्टुडिओने जुन्या, विस्मृतीत गेलेल्या नटनट्यांना आठवड्याला 75 डॉलरवर किरकोळ कामं द्यायला सुरुवात केली. त्यात फ्लॉरेन्सही होती. गर्दीतली बाई, दारातून जाणारी बाई. बहुतेक वेळा श्रेयनामावलीत नावाशिवाय. तोवर तिला अस्थिमज्जेचा, बरा न होणारा आजार जडला होता. वेदना आणि त्यापाठोपाठ आलेली निराशा वाढत गेली. 28 डिसेंबर 1938 रोजी तिने आयुष्य संपवलं. वय 52. हॉलिवुडच्या दफनभूमीत तिला पुरलं, पण थडग्यावर दगड बसवला गेला नाही. तो बसला 1991 मध्ये, एका ब्रिटिश अभिनेत्याने नाव न सांगता दिलेल्या पैशातून. त्यावर ‘बायोग्राफ गर्ल’ आणि ‘पहिली फिल्मस्टार’ असे दोन्ही किताब कोरले आहेत. जन्मसाल मात्र 1890 दिलं आहे, प्रत्यक्षापेक्षा चार वर्षांनी अलीकडचं.

तिने सुमारे तीनशे चित्रपट केले. त्यांतले आज बघायला मिळतात ते मुख्यतः बायोग्राफचे, आणि त्यामागे कायद्याची एक गंमत आहे. 1912 पर्यंत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपट हा प्रकारच नव्हता. छायाचित्राची नोंद मात्र होत असे. म्हणून काही कंपन्या अख्खा चित्रपट, चौकटीमागून चौकट, कागदाच्या लांबलचक पट्टीवर छापून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. बायोग्राफ त्यात तत्पर होती. नायट्रेटची मूळ फिल्म जळते, कुजते. कागद टिकला. 1950 च्या दशकात या कागदी पट्ट्यांवरून पुन्हा फिल्मवर प्रती उतरवण्याचं काम झालं आणि सुमारे तीन हजार चित्रपट परत मिळाले. लुबिनची गोदामं 1914 मध्ये स्फोटात आणि आगीत गेली. युनिव्हर्सलने 1948 मध्ये उरलेले मूकपट स्वतःहून नष्ट केले. त्यामुळे जिथे फ्लॉरेन्सचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं गेलं, त्या इम्पच्या आणि व्हिक्टरच्या कामातलं थोडंच शिल्लक आहे.

बघायला सुरुवात करायची तर रडक्या कथांऐवजी जोन्स जोडप्यापासून करावी. ‘हर फर्स्ट बिस्किट्स’ जेमतेम सात-आठ मिनिटांचा आहे. मिसेस जोन्स मोठ्या हौसेने पहिल्यांदाच बिस्किटं भाजतात, नवऱ्याच्या कचेरीत घेऊन जातात, आणि ती खाणारा एकेक नट पोट धरून आडवा होतो. त्या पोट धरलेल्या मंडळींत मेरी पिकफर्डही आहे. नीट पाहिलं तर ओळखता येते.